आधी फलक, मग जाहिरात : लहान ऐतिहासिक शहरांच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
लहान ऐतिहासिक शहरांच्या नगरपालिकांचे पदाधिकारी, अधिकारी आणि पर्यटन समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली अनेक वर्षे सवड मिळेल तशी मी लहान, जुन्या शहरांतून हिंडत आले आहे. ज्यांतील एखादी वेस, एखादे देवालय, एखादी व्यापारी पेठ किंवा एखादे शंभर वर्षांचे ग्रंथालय अभ्यासकांना नीट ठाऊक असते, पण बसमधून उतरणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो, अशी ही शहरे आहेत. त्यांच्याविषयी मला मनापासून आपुलकी आहे आणि तीमुळेच हे पत्र लिहीत आहे. शहराची प्रसिद्धी कशी करावी, हा विषय आज ना उद्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या बैठकीत येतो. पुस्तिका छापण्याचे, प्रवेशाच्या रस्त्यावर कमान उभारण्याचे, रोषणाई करण्याचे, चित्रफीत काढण्याचे प्रस्ताव पुढे येतात. त्यांपैकी कोणत्याही प्रस्तावाला माझा सरसकट विरोध नाही. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे : आलेल्या माणसाला वास्तूपाशी उभे राहिल्यावर काय कळणार, याची व्यवस्था आधी व्हावी आणि त्याला बोलावण्यावरचा खर्च त्यानंतर व्हावा.

एका शहरातील अनुभव सांगते. शहराचे नाव सांगत नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच मी इतर ठिकाणीही पाहिले आहे. तेथे वेशीच्या आत एक जुनी दगडी विहीर आहे, असे मी एका लेखात वाचले होते. बसस्थानकापासून विहिरीपर्यंत एकही दिशादर्शक फलक नव्हता आणि फोनमधील नकाशावरची खूण दोन गल्ल्या पलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी होती. विचारत विचारत पोहोचले, तर लोखंडी दाराला कुलूप. दाराशेजारी फलक होता, पण त्याचा रंग उडाला होता, गंजाचे ओघळ खालपर्यंत आले होते आणि वाचता येत होती ती एकच ओळ, नासधूस करणाऱ्यास शिक्षा होईल ही. विहीर कोणी बांधली, केव्हा बांधली, तिचे पाणी कोण भरत असे, यांतले एक अक्षरही शिल्लक नव्हते. किल्ली पहारेकऱ्याकडे असते, तो जेवायला गेला आहे आणि केव्हा येईल ते सांगता येत नाही, एवढी माहिती समोरच्या ओट्यावर बसलेल्या आजींकडून मिळाली.

त्याच आजी उठून आल्या आणि त्यांनी कुंपणाच्या फटीतून मला विहिरीचा काठ दाखवला. काठाच्या दगडांवर दोर घासून घासून खाचा पडल्या होत्या. काही इतक्या खोल, की बोटाचे पूर्ण पेर आत जावे. शाळेतून येताना आम्ही मुली त्या मोजायचो आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा, असे त्यांनी सांगितले. त्यांची आई कोणत्या खाचेवरून पाणी शेंदत असे, तेही त्यांनी बोट करून दाखवले, कारण कोणत्या घरच्या बायकांनी कोठे उभे राहायचे हे ठरलेले असे. पाच मिनिटांत त्या विहिरीचे सारे जग माझ्यासमोर उभे राहिले. संध्याकाळी निवासाच्या ठिकाणी मला शहराची नवी पुस्तिका मिळाली. कागद उत्तम होता, छपाई देखणी होती आणि विहिरीविषयी त्यात दोनच शब्द होते : ‘प्राचीन विहीर’.

आपल्या प्रसिद्धीचे खरे दुखणे मला या दोन शब्दांत दिसते. ‘प्राचीन’, ‘भव्य’, ‘अप्रतिम’, ‘मनोहारी’ ही विशेषणे कोणत्याही शहराच्या कोणत्याही वास्तूला लावता येतात आणि म्हणूनच त्यांतून कोणत्याही वास्तूविषयी काहीही कळत नाही. दोराने पडलेली खाच मात्र त्याच विहिरीची असते. तुमच्या शहरात जे आहे ते दुसरीकडे नाही, हे सांगण्यासाठी विशेषणांची नव्हे, तपशिलांची गरज असते. आणि तो तपशील बहुधा शहरातच, कोणाच्या तरी ओट्यावर, कोणाच्या तरी कपाटातल्या वहीत किंवा नगरपालिकेच्याच जुन्या दप्तरात पडून असतो.

हा विचार माझ्या पदरचा नाही. वारसास्थळांच्या जतनासाठी १९६५ मध्ये स्थापन झालेल्या ‘इकोमॉस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ साली क्वेबेक येथील महासभेत वारसास्थळांचा अर्थ उलगडून सांगण्याविषयी एक सनद संमत केली. तिच्या सात तत्त्वांमध्ये पहिले तत्त्व वास्तूपर्यंत पोहोचता येणे आणि ती समजणे हे आहे, आणि दुसरे, दिली जाणारी माहिती विश्वसनीय आधारांवर उभी असणे हे आहे. पोहोचणे आणि समजणे या दोन गोष्टी सनदेने एकाच तत्त्वात गुंफल्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कुलूप उघडे असूनही काहीच कळले नाही, तर माणूस त्या वास्तूपर्यंत पोहोचला असे म्हणता येत नाही.

फलक ही साधी गोष्ट वाटते, पण ती चांगली करायला विचार लागतो. लंडनमध्ये नामवंतांच्या घरांवर स्मृतिफलक लावण्याची कल्पना विल्यम ईवर्ट यांनी १८६३ मध्ये संसदेत मांडली आणि १८६७ मध्ये कवी बायरन यांच्या जन्मघरावर पहिला फलक लागला. ते घर पुढे पाडले गेले, योजना मात्र आजतागायत चालू आहे. त्या फलकांवर व्यक्तीचे नाव, जन्ममृत्यूची वर्षे, कार्य आणि त्या घराशी असलेला संबंध एवढेच असते आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला ते चालता चालता वाचता येते. आपल्याकडील अनेक फलकांची अडचण उलटी असते : एक तर काहीच नसते, नाही तर राजवंशाची सगळी वंशावळ बारीक अक्षरांत भरलेली असते. उन्हात उभा असलेला माणूस फार वाचत नाही. त्याला समोर दिसणाऱ्या वस्तूकडे नेमके पाहायला लावणारी चार-पाच वाक्ये पुरतात, आणि ती त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, सावलीच्या बाजूला, पुसली न जाणाऱ्या साहित्यात असावी लागतात.

पैसे नाहीत, हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे आणि लहान नगरपालिकांची ओढाताण मला ठाऊक आहे. म्हणूनच वेल्समधील मनमथ या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावाचे उदाहरण आपल्यापुढे ठेवते. तेथे नागरिक, विकिपीडियाचे स्वयंसेवक आणि स्थानिक प्रशासन यांनी मिळून गावातील वास्तू, व्यक्ती, वस्तू आणि घटना यांवर शेकडो लेख लिहिले, ठिकठिकाणी क्यूआर कोडच्या पाट्या लावल्या आणि मे २०१२ मध्ये ते जगातील पहिले ‘विकिपीडिया शहर’ म्हणून जाहीर झाले. पाटीवरील कोड फोनने टिपला, की त्या फोनची भाषा ओळखून लेख त्या भाषेत उघडतो, अशी योजना होती. प्रशासनाने आपल्या बाजूने गावात मोफत वायफाय दिले. यात सर्वांत मोलाची गोष्ट तंत्रज्ञान नव्हती. गावाने आपल्याविषयीची माहिती आधी शोधली, पडताळली, लिहून काढली आणि ती कोणालाही वापरता येईल अशा मोकळ्या परवान्याखाली ठेवली, ही होती. आपल्या शहरातील शाळा-महाविद्यालये, ग्रंथालय आणि इतिहासाची आवड असलेली निवृत्त मंडळी एवढ्या बळावर असे काम कोठेही सुरू होऊ शकते. निदान नकाशावरील खुणा योग्य जागी सरकवणे आणि उघडण्याच्या खऱ्या वेळा नोंदवणे, एवढे तर एका दुपारचे काम आहे.

आता मी ज्या शब्दाला सर्वाधिक घाबरते त्याकडे वळते. तो शब्द ‘सुशोभीकरण’ हा आहे. पाहुणे येणार म्हणून घर झाडून घ्यावे तशी वास्तू नटवण्याची घाई होते आणि त्या घाईत अनेकदा तिचे कायमचे नुकसान होते. जुने बांधकाम चुन्यात केलेले असते. चुना मऊ असतो, भिंतीत शिरलेला ओलावा तो बाहेर जाऊ देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला किंवा दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरले, की ओलावा आत कोंडतो, क्षार दगडाच्या पृष्ठभागावर येतात आणि काही पावसाळ्यांनंतर दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. कोरीव कामावर तैलरंग चढवला, की छिन्नीच्या रेषाच बुजतात. वास्तूच्या ऐन समोर रंगीत अक्षरे आणि सेल्फीसाठी चौथरा उभारला, तर वास्तू मागचा पडदा होऊन बसते. स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत एक नियम स्पष्ट नोंदवला आहे, की जेथे अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आणि नवा भरलेला भाग मूळ भागाशी सुसंगत असला तरी वेगळा ओळखू आला पाहिजे. निविदा काढण्यापूर्वी ही दोन वाक्ये त्या कागदपत्रांना जोडावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पडका बुरूज पडका आहे म्हणून कोणी पाहुणा आजवर नाराज होऊन परत गेल्याचे मी पाहिलेले नाही. गुलाबी रंग दिलेला बुरूज पाहून हळहळणारे मात्र पुष्कळ पाहिले आहेत.

प्रसिद्धी फसली तर काय होते हे आपण जाणतो : कोणी येत नाही. पण ती एकाच चित्रापुरती यशस्वी झाली तर काय होते, हेही पाहायला हवे. ऑस्ट्रियातील हालस्टाट हे तळ्याकाठचे जेमतेम आठशे वस्तीचे गाव. तेथील डोंगरातून हजारो वर्षे मीठ काढले जात आहे. १८४६ पासून तेथील खाणीचे अधिकारी योहान गेओर्ग रामसावर यांनी तेथे सुमारे एक हजार दफने उकरून त्यांची काळजीपूर्वक चित्रे आणि नोंदी करून ठेवल्या, आणि युरोपातील आरंभीच्या लोहयुगाच्या संस्कृतीला या गावाचेच नाव मिळाले. एवढी मोठी कथा असलेले गाव जगभर प्रसिद्ध झाले ते मात्र तळे, घरे आणि चर्चचा मनोरा यांच्या एका छायाचित्रामुळे. चीनमध्ये २०१२ साली या गावाची प्रतिकृतीही उभी राहिली. गर्दीच्या दिवशी हजारो माणसे त्याच एका जागी उभी राहून तेच छायाचित्र काढू लागली. गावाला २०२० पासून पर्यटक बससाठी वेळा आखून द्याव्या लागल्या आणि २०२३ मध्ये रहिवाशांच्या त्राग्यातून त्या जागी काही काळ लाकडी कुंपणही घातले गेले. छायाचित्र काढायला आलेल्या माणसाचे काम पाच मिनिटांत होते. तो मिठाच्या खाणीचे ऐकत नाही, मुक्काम करत नाही, परत येत नाही. आपल्या शहराचे एकच चित्र सर्वत्र लावण्याचा मोह होईल तेव्हा हालस्टाट आठवावे. चार वेगवेगळ्या जागा, त्या जोडणारी पायवाट आणि तिच्यावर बसायला सावली, पिण्याचे पाणी व स्वच्छ स्वच्छतागृह असेल, तर माणूस अर्धा दिवस रमतो.

पाहुण्यांकडून मिळणाऱ्या पैशाचे काय होते, हे शहरवासीयांना दिसणेही तितकेच आवश्यक आहे. नेपाळमधील भक्तपूर येथे परदेशी पाहुण्यांकडून घेतले जाणारे प्रवेशशुल्क नगरपालिकेकडे येते आणि ते जुन्या वास्तूंची दुरुस्ती, शहराची स्वच्छता अशा कामांना लागते. २०१५ च्या भूकंपात तेथे मोठी पडझड झाली. १७०२ मध्ये बांधलेले पाच मजली न्यातपोल मंदिर तगले, पण अनेक मंदिरे आणि घरे कोसळली. त्यानंतर बरीचशी पुनर्बांधणी स्थानिक सुतार, गवंडी आणि विटा घडवणाऱ्यांच्या हातून, नागरिकांच्या समित्यांमार्फत झाली. व्हिएतनाममधील होई आन या जुन्या बंदरात, ज्याला १९९९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, एकाच तिकिटावर जुनी घरे, सभागृहे आणि मंदिरे पाहता येतात आणि त्या उत्पन्नातून जुन्या घरांच्या डागडुजीला हातभार लागतो. ज्या कुटुंबाच्या घरात पाहुणे येऊन जातात, त्या कुटुंबाला छप्पर दुरुस्त करायला मदत मिळते, हा सरळ व्यवहार आहे. आपल्या जुन्या पेठेतील वाड्यांचे मालक वाडे पाडून नव्या इमारती बांधतात तेव्हा आपण त्यांना दोष देतो. पण वाडा टिकवण्याचा खर्च एकट्या मालकाने का सोसावा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रसिद्धीच्या आराखड्यातच असायला हवे.

मार्गदर्शकांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण शहराची खरी ओळख पाहुण्याला माणसाकडूनच होते. अहमदाबाद हे मोठे शहर असले तरी तेथील वारसाफेरी लहान शहरांनी अवश्य अभ्यासावी अशी आहे. तेथील महानगरपालिकेने १९ नोव्हेंबर १९९७ रोजी ती सुरू केली. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून ती जुन्या पोळांमधून, म्हणजे दाटीने वसलेल्या गल्लीवस्त्यांमधून, वाट काढत जामा मशिदीपाशी संपते. या फेरीत पाहुणा नुसत्या इमारती पाहत नाही. तो लाकडी कोरीव खांब, पक्ष्यांसाठी उभारलेले चबुतरे, एका पोळातून दुसऱ्या पोळात निघणाऱ्या वाटा आणि त्यांत आजही चाललेले रोजचे जगणे पाहतो. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, अहमदाबाद हे जागतिक वारसा म्हणून नोंदले गेलेले भारतातील पहिले शहर ठरले. केवळ फेरीमुळे तो दर्जा मिळाला असे मी म्हणणार नाही, परंतु जुन्या शहराकडे पाहण्याची नजर घडवण्यात अशा नित्यनेमाने चालणाऱ्या उपक्रमाचा वाटा मोठा असतो, अशी माझी खात्री आहे. ‘नित्यनेमाने’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. महोत्सवापुरत्या तीन दिवस निघणाऱ्या फेरीपेक्षा दर रविवारी सकाळी, दोनच माणसे आली तरी निघणारी फेरी शहराला अधिक देते.

मार्गदर्शकाने इतिहास सांगावा की दंतकथा, असा वाद नेहमी होतो. दोन्ही सांगावे, पण सरमिसळ करू नये. प्रत्येक जुन्या किल्ल्याखाली दूरच्या गावापर्यंत जाणारे भुयार असल्याचे सांगितले जाते. ‘लोक असे सांगत आले आहेत’ असे म्हणून ते सांगितले, तर त्यात गोडी आहे. शिलालेखाच्या आधाराने सांगावे तसे ठासून सांगितले, तर त्यानंतर सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही पाहुण्याचा विश्वास उडतो. तसेच, जे अप्रिय आहे ते गाळू नये. घानामधील एल्मिना या लहान शहरातील किल्ला पोर्तुगिजांनी १४८२ मध्ये बांधला आणि पुढे तेथून गुलाम म्हणून माणसे जहाजांवर चढवली गेली. आज तेथे येणाऱ्यांना राज्यपालाच्या दालनांबरोबरच त्या माणसांना कोंडलेल्या अंधाऱ्या खोल्याही दाखवल्या जातात आणि जगाच्या दुसऱ्या टोकाहून माणसे मुद्दाम त्या खोल्यांत उभी राहायला येतात. आपल्या शहरांतही राजवाड्याच्या फलकावर राजाचे नाव असते, पण दगड वाहणाऱ्यांची वस्ती कोठे होती, विहिरीवर कोणाला येऊ दिले जात नव्हते, हे कोणी सांगत नाही. ते सांगितल्याने शहराची शोभा कमी होत नाही. शहर खरे वाटू लागते.

जिवंत परंपरांबाबत एक खबरदारी सांगणे भाग आहे. लाओसमधील लुआंग प्राबांग हे १९९५ पासून जागतिक वारसा असलेले लहान शहर आहे. तेथे रोज पहाटे बौद्ध भिक्षू रांगेने भिक्षेला निघतात आणि लोक रस्त्याच्या कडेला बसून त्यांना भिक्षा वाढतात. हे दृश्य प्रसिद्ध झाल्यावर पाहुणे भिक्षूंच्या तोंडापाशी कॅमेरे नेऊ लागले, फ्लॅशचा लखलखाट होऊ लागला. अंतर राखा, शांत राहा, फ्लॅश वापरू नका, अशा सूचना लावण्याची वेळ आली. एखादी यात्रा, एखादे पूजन, एखादी वाद्यपरंपरा पुस्तिकेत घालण्याआधी ती जपणाऱ्या लोकांना विचारावे, त्यांना जे उघडे ठेवायचे नाही ते झाकलेले राहू द्यावे आणि पाहुण्यांच्या सोयीसाठी तिची वेळ बदलण्याचा आग्रह धरू नये.

यशाचे मोजमाप कसे करावे, हेही ठरवून टाकावे. वर्षअखेरीच्या अहवालात किती पाहुणे आले हा आकडा असतो. त्याच्या जोडीला किती जणांनी मुक्काम केला, एका वास्तूत माणूस सरासरी किती वेळ थांबला, किती शाळांच्या सहली स्वतःच्याच शहरातून आल्या, हे आकडे असावेत. शेवटचा आकडा मला सर्वांत आवडीचा आहे. फ्रान्समध्ये १९८४ साली सांस्कृतिक मंत्री झाक लांग यांच्या पुढाकाराने एरवी बंद असलेल्या ऐतिहासिक वास्तू एक दिवस सर्वांसाठी उघडण्याची प्रथा सुरू झाली आणि १९९१ पासून ती युरोपभर ‘वारसा दिवस’ म्हणून पसरली. १८ एप्रिल हा स्मारके आणि स्थळे यांचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून युनेस्कोने १९८३ मध्ये मान्य केला आहे. त्या एका दिवशी तरी शहरातील सर्व कुलपे निघावीत, आणि पहिले पाहुणे त्याच गल्लीत राहणारे, आयुष्यभर कुंपणाच्या बाहेरून पाहत आलेले लोक असावेत. ज्या मुलाने विहिरीच्या खाचांत बोट घातले आहे, तो मोठेपणी कोणी न सांगता शहराविषयी बोलतो.

अखेरीस एक मागणे आहे आणि त्याला खर्च नाही. प्रसिद्धीचा पुढील प्रस्ताव मंजुरीला येण्यापूर्वी आपण सर्व सदस्यांनी एका सुटीच्या दिवशी, गाडी न घेता, बसस्थानकापासून आपल्या शहरातील सर्वांत जुन्या वास्तूपर्यंत चालत जावे. कोणालाही रस्ता विचारू नये. फक्त फलक आणि फोनमधील नकाशा यांच्या आधारे जावे. दार उघडे आहे का पाहावे, फलक मोठ्याने वाचावा, वाचताना कोठे अडले ते लिहून घ्यावे. मग समोरच्या ओट्यावर जो कोणी बसलेला असेल त्याच्याशेजारी थोडा वेळ बसावे आणि त्याला त्या वास्तूविषयी विचारावे. ते टिपण घेऊन बैठकीला यावे आणि पुस्तिकेचा मजकूर त्यानंतर लिहायला घ्यावा.

कळावे,

आपली नम्र,
लहान शहरांची एक नियमित पाहुणी